हातोडी झालेला हात

दार चौकटीत नीट बसत नसेल तर सुतार काय करतो? हातोडी पलीकडच्या खोलीत, पेटीत पडलेली असते. ती आणायला उठावं लागेल, शिवाय हातोडीचा घाव बसला तर सनमायक्यावर व्रण उठेल. म्हणून तो तळहाताची करंगळीखालची गुबगुबीत कड दारावर हाणतो. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दार बसतं आणि सुतार बिजागरीकडे वळतो. गॅरेजातला मेकॅनिक गंजून घट्ट झालेल्या नटाला पाना लावतो आणि पान्याच्या दांड्यावर तळहाताचे दणके देतो. व्हीलकॅप बसवायची तरी हाताचाच ठोसा. प्लंबर, फरशी बसवणारा, सेंट्रिंगच्या फळ्या जुळवणारा, पत्र्याचं काम करणारा, यांच्यापैकी कुणाच्याही शेजारी तासभर उभे राहा आणि मोजा. हाताची हातोडी किती वेळा झाली हे त्यांना विचारून कळणार नाही, कारण त्यांच्या लेखी ते ठोकणं नसतंच. ते नुसतं ‘बसवणं’ असतं.

हात बघून भविष्य सांगणारे तळहाताच्या या भागाला चंद्राचा उंचवटा म्हणतात आणि त्यावरून कल्पनाशक्ती, परदेशप्रवास असलं काही सांगतात. तिथल्या रेषांबद्दल मला काही कळत नाही. पण त्या उंचवट्याच्या खाली काय आहे आणि त्याचा मालक कोणतं काम करतो हे माहीत असेल, तर काही लोकांचं भविष्य खरोखर सांगता येतं.

हाताला रक्त आणणाऱ्या मुख्य धमन्या दोन. अंगठ्याच्या बाजूची रेडियल धमनी आपल्या ओळखीची आहे, वैद्य जिच्यावर तीन बोटं ठेवून नाडी बघतात ती हीच. करंगळीच्या बाजूची अलनार धमनी मात्र कुणाच्या खिजगणतीत नसते. मनगटापाशी ती जरा खोल असते, चटकन हाताला लागत नाही. पण बहुतेक माणसांच्या तळहाताला आणि बोटांना रक्त पुरवण्याचं मोठं काम तीच करते. तळहातात शिरल्यावर ती अंगठ्याच्या दिशेला वळते, तिकडून येणाऱ्या फाट्याला मिळते आणि एक कमान तयार होते. या कमानीतून बोटांकडे बारीक धमन्या निघतात.

तळहातात शिरताना या धमनीला एक अरुंद बोळ ओलांडावा लागतो. फेलिक्स ग्यूयों या फ्रेंच शल्यविशारदानं १८६१ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून तो ग्यूयोंचा बोळ. अलनार मज्जातंतूही तिच्याबरोबर याच बोळातून जातो. बोळाच्या एका अंगाला हॅमेट नावाचं हाड आहे आणि त्या हाडाला आकड्यासारखा एक फाटा आहे. लॅटिनमध्ये ‘हॅमस’ म्हणजे आकडा, गळ. हाडाला नाव पडलं ते त्यावरूनच. बोळातून बाहेर पडल्यावर धमनीचा सुमारे २ सेंटिमीटरचा तुकडा जवळजवळ उघड्यावर असतो. वर कातडी, थोडी चरबी आणि एक पातळसा स्नायू, बस्स. खाली मात्र तो हाडाचा आकडा.

म्हणजे वरून घाव, खाली ऐरण आणि मध्ये रक्ताची नळी.

एखाद्या घावानं फारसं बिघडत नाही. धमनीची भिंत चिवट असते, तिला आपल्यासारखीच दणक्यांची सवय होते असं वाटू लागतं. पण ती भिंत तीन थरांची आहे आणि कोणता थर आधी हार खातो यावर पुढचं ठरतं. सगळ्यात आतलं अस्तर इतकं गुळगुळीत असतं की त्यावर रक्त चिकटत नाही. ते फाटलं की तिथं रक्त गोठू लागतं, गाठ वाढत जाते आणि एक दिवस नळी बंद होते. मधला थर स्नायूंचा आणि लवचीक तंतूंचा. तो कमकुवत झाला तर भिंत बाहेर फुगते. सायकलच्या जुन्या टायरमधून ट्यूबचा फुगा डोकावतो ना, तसा. त्या फुग्यात रक्त घोळत राहतं, तिथंही गाठी बनतात, आणि त्यांचे बारीक कण सुटून बोटांच्या धमन्यांत जाऊन अडकतात. दुखणं सुरू होतं ते तिथं, बोटाच्या टोकाला, जिथं मार बसलेलाच नसतो.

म्हणून रोगी डॉक्टरांना तळहात दाखवत नाही, बोट दाखवतो. बहुधा अनामिका, नाहीतर करंगळी किंवा मधलं बोट. ते गार पडतं, थंडीत पांढरं किंवा निळसर होतं, फ्रिजमधली बाटली धरली की कळ येते. नखाच्या कडेला लहानशी जखम होते आणि महिना झाला तरी भरत नाही. कधी टोकाशी काळा ठिपका उमटतो. मज्जातंतूही त्याच बोळातला शेजारी असल्यामुळे मुंग्या येतात, बोटं बधिर होतात. अंगठा मात्र शाबूत राहतो. त्याचा रक्तपुरवठा मुख्यतः पलीकडच्या, नाडीच्या धमनीकडून होतो. एका हाताची दोन-तीन बोटं आजारी आणि अंगठा ठणठणीत, ही या रोगाची सही आहे.

इंग्रजी वैद्यकात याला ‘हायपोथिनर हॅमर सिंड्रोम’ म्हणतात. हायपोथिनर म्हणजे आपला चंद्राचा उंचवटा. अंगठ्याखालच्या, म्हणजे शुक्राच्या उंचवट्यावर दणके घेणाऱ्यांना रेडियल धमनीचा असाच विकार होतो, पण तो त्या मानानं क्वचित. हायपोथिनर हॅमर हे नाव १९७० मध्ये कॉन, बर्गन आणि बेल या तीन अमेरिकी डॉक्टरांनी दिलं. रोग अर्थातच जुना. रोममधल्या कार्लो ग्वात्तानी यांनी १७७२ मध्ये एका घोडागाडीवानाच्या तळहातातला धमनीचा फुगा नोंदवून ठेवला होता. १९३४ मध्ये फॉन रोझेन या स्वीडिश डॉक्टरांनी बोथट मारामुळे हीच धमनी गोठून बंद झाल्याचं वर्णन केलं. पण नाव नसलेल्या रोगाकडे लक्ष जात नाही, हे वैद्यकातही खरं आहे. १९७० नंतर डॉक्टर शोधू लागले आणि रोगी सापडू लागले.

कुठे सापडले? दोन वर्षांतच, १९७२ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या लिटल आणि फर्ग्युसन यांनी वाहनदुरुस्तीच्या कामावरचे १२७ कामगार तपासले. दवाखान्यात आलेले रोगी नव्हेत, कामावर असलेले. त्यांच्यातले ७९ जण हाताचा हातोडीसारखा वापर करत होते आणि त्या ७९ पैकी ११ जणांची ती धमनी बंद झालेली निघाली. म्हणजे सातात एक. दुखणं दवाखान्यापर्यंत पोचण्याआधीच किती हातांत मुक्काम करून असतं, याचा अंदाज यावरून येतो.

मग हेच काम करणाऱ्या सगळ्यांनाच त्रास का होत नाही? याचं एक उत्तर कमानीत आहे. तळहातातली ती कमान सगळ्यांची पूर्ण नसते. ज्याची दोन्ही बाजूंनी जोडलेली, त्याची एक वाट बंद झाली तरी दुसरीकडून रक्त येतं, आणि त्याला आपल्या हातात काही घडलंय याचा पत्ताही लागत नाही. ज्याची कमान अर्धवट, त्याचं बोट काळं पडतं. दुसरं उत्तर अमेरिकेतल्या ऑरेगनमधून २००० साली आलं. तिथल्या डॉक्टरांनी हाताचा रक्तपुरवठा कमी पडलेले १,३०० रोगी जवळजवळ तीन दशकांत तपासले होते. त्यातल्या अवघ्या २१ जणांना हा रोग होता, आणि ते सगळे पुरुष. धमनीची चित्रं काढल्यावर ती बाटलीचं बूच काढायचा स्क्रू असतो तशी नागमोडी दिसली. नवल त्याच्या पुढे आहे: दणके न खाल्लेल्या दुसऱ्या हाताचंही चित्र ज्यांचं काढलं, त्यांच्यापैकी बहुतेकांत तिथली धमनीही बिघडलेली होती. म्हणजे काही लोकांची ही धमनी मुळातच कच्ची असावी आणि कामाचे दणके तिचा निकाल लवकर लावत असावेत, असं त्या डॉक्टरांनी मांडलं. मला हे पटतं. पण त्याचा उलटा अर्थ काढू नये. मडकं कच्चं होतं म्हणून फोडणाऱ्याचा दोष जात नाही.

आता आपल्याकडची एक गफलत. चाळिशीतला कष्टकरी पुरुष, बोटाचं टोक काळं, खिशात बिडीचं बंडल. असा माणूस समोर आला की डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव येतं बर्जर रोगाचं. लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. तंबाखू ओढणाऱ्या तरुण पुरुषांच्या हातापायांच्या रक्तवाहिन्या त्यात गोठून बंद होतात. भारतात बिडीमुळे हा रोग पुष्कळ दिसतो, तेव्हा हा संशय चुकीचा नाही. चूक होते ती तिथंच थांबण्यात. बर्जर रोग सहसा एका हातावर भागवत नाही, पायांपर्यंत जातो. दुसरा एक विकार म्हणजे थंडीत बोटांच्या वाहिन्या आवळल्या जाण्याचा, मोरिस रेनो यांनी १८६२ मध्ये सांगितलेला. तो बायकांत जास्त, आणि बहुधा दोन्ही हातांना. कामाच्या एकाच हाताची दोनतीन बोटं आणि वगळलेला अंगठा असं चित्र असेल, तर बिडी सोडायला सांगून भागणार नाही. बिडी सुटायलाच हवी, कारण आवळलेल्या वाहिन्या ती आणखी आवळते. पण पान्यावर बसणारे दणकेही थांबायला हवेत, आणि ते थांबवण्यासाठी आधी कुणीतरी त्यांच्याबद्दल विचारायला हवं.

तपासणीला यंत्र लागत नाही. एडगर ॲलन यांनी १९२९ मध्ये सांगितलेली युक्ती अजून चालते, घरी करून बघा. मूठ घट्ट आवळा. दुसऱ्या कुणाला तरी तुमच्या मनगटावरच्या दोन्ही धमन्या, अंगठ्याकडची आणि करंगळीकडची, बोटांनी दाबून धरायला सांगा. मूठ सैल उघडा, तळहात पांढराफटक दिसेल. आता फक्त करंगळीकडच्या धमनीवरचं बोट उचलायला सांगा. काही सेकंदांत तळहातावर लाली पसरली तर वाट मोकळी आहे. तळहात तसाच फिका राहिला तर घाबरू नका, एखाद्या वेळी हात चुकीचाही दाबला जातो. पण पुन्हा पुन्हा तसंच होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. ते डॉप्लर सोनोग्राफी करतील आणि गरज पडली तर अँजिओग्राफी.

उपचारांबद्दल थोडक्यात. पुष्कळांना दणके थांबवणं, तंबाखू सोडणं, हात उबदार ठेवणं आणि वाहिन्या सैल करणाऱ्या, रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या एवढ्यावर आराम पडतो. फुगा असेल किंवा बोट धोक्यात असेल तर धमनीचा बिघडलेला तुकडा कापून काढतात आणि त्या जागी शिरेचा तुकडा जोडतात. हे शिवण भिंगाखाली चालतं.

इथवर दणक्यांची गोष्ट झाली. पण हाताच्या रक्तवाहिन्यांचा दुसरा एक वैरी आहे. तो दणका देत नाही, थरथर देतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण म्हणतो. देवपण येतं ते दगडाला. टाकी ज्या हातात असते त्याला काय येतं, याची चौकशी एका बाईंनी केली.

अमेरिकेत इंडियाना राज्यात बेडफर्ड नावाचं गाव आहे. तिथला चुनखडीचा दगड प्रसिद्ध. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट इमारत याच भागातल्या दगडानं मढवलेली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या पाथरवटांच्या हाती हवेच्या दाबावर चालणारा हातोडा आला. एका हातात तो हातोडा, दुसऱ्या हातात छिन्नी, आणि मिनिटाला हजारो ठोके. काम भराभर होऊ लागलं. पण थंडीच्या दिवसांत सकाळी पाथरवटांची बोटं पांढरी पडू लागली, मेल्यासारखी. ते त्यांना ‘मेलेली बोटं’च म्हणत. कामगार म्हणत, हातोड्यामुळे होतं. मालकांना ते मान्य नव्हतं. १९१८ मध्ये सरकारी कामगार खात्यासाठी याचा छडा लावायला डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन गेल्या. विषारी धंद्यांच्या अभ्यासात तेव्हा अमेरिकेत त्यांच्याइतका जाणकार कुणी नव्हता. पुढच्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठानं त्यांना नेमलं. तिथल्या त्या पहिल्या महिला प्राध्यापक.

हॅमिल्टनबाईंनी कामगारांचं ऐकलं, हात बघितले, हत्यारं बघितली. हातोडा धरणाऱ्या उजव्या हातापेक्षा छिन्नी धरणाऱ्या डाव्या हाताची बोटं जास्त पांढरी होतात, हे त्यांच्या लक्षात आलं. थरथर खरी पोचते ती छिन्नीतून. थंडी, घट्ट पकड आणि कंपनं, या तिघांनी मिळून बोटांच्या वाहिन्या आवळल्या जातात, असा त्यांचा निष्कर्ष होता. शंभर वर्षांनंतरही त्यात काढून टाकण्यासारखं काही नाही. फक्त एवढी भर पडली आहे की कंपनं मज्जातंतूंनाही मारतात. शर्टाचं बटण लावताना ते चिमटीत आहे की सुटलं हे कळेनासं होतं.

साठ वर्षांनी, १९७८ मध्ये, संशोधकांची दुसरी तुकडी त्याच बेडफर्डला गेली. दगड तेच, हातोडाही जवळजवळ तसाच, आणि सुमारे ८० टक्के पाथरवटांची बोटं पांढरी. एवढा चांगला अहवाल साठ वर्षं कपाटात राहिला तर त्याचं काय होतं, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. हॅमिल्टनबाई तोवर गेल्या होत्या, १९७० मध्ये, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी.

उलट बाजूचं उदाहरण फिनलंडचं. तिथल्या सुओमुस्सालमी भागात जंगलतोडीचे कामगार साखळी-करवत चालवत. १९७२ मध्ये त्यांच्यातल्या ४० टक्क्यांची बोटं पांढरी पडत. करवतीच्या मुठी रबरी आधारांवर बसवून इंजिनाची थरथर हातापासून तोडली गेली, यंत्रं हलकी झाली, कंपनाचं मोजमाप १४ वरून २ एककांपर्यंत खाली आलं. १९९० मध्ये रोगी उरले ५ टक्के. औषध एकही नवं नव्हतं.

ब्रिटननं दरम्यान हिशेब पैशात चुकवला. पांढऱ्या बोटांना तिथं १९८५ मध्ये धंद्यामुळे होणाऱ्या रोगाचा दर्जा मिळाला, आणि पुढे एकट्या कोळसा खाणींतल्या कामगारांनी भरपाईसाठी केलेले दावे १,७०,००० च्या घरात गेले. युरोपीय संघाच्या २००२ च्या नियमानं आठ तासांच्या पाळीला हातावरच्या कंपनाची मर्यादा ५ एकक ठरवली. २.५ एककांपासूनच मालकानं उपाय सुरू करायचे. दणक्यांच्या रोगाला फ्रान्सनं आपल्या धंद्याच्या रोगांच्या तक्त्यात जागा दिली, आणि जर्मनीनं २०१५ पासून त्याला स्वतंत्र क्रमांक दिला, २११४.

आपल्याकडे पांढरी बोटं फारशी दिसत नाहीत, म्हणून रोगच नाही असं समजण्याचा मोह होतो. पांढरं पडायला थंडी लागते. उष्ण देशांत कंपनाचा मार मुख्यतः बधिरपणा आणि मुंग्या या रूपात दिसतो. कोल्हापूरच्या फौंड्र्यांत ओतीव मालाच्या कडा ग्राइंडरवर घासणारा, म्हणजे फेटलिंग करणारा माणूस, किंवा शहरात रस्ता खोदणारा ब्रेकरवाला संध्याकाळी चहाचा ग्लास धरताना हात झटकतो, तो सवयीनं नव्हे. जाड हातमोजे घातले की झालं, असंही नाही. ब्रेकरसारख्या यंत्रांची मंद, जोरकस थरथर मोज्यातून जवळजवळ तशीच आत येते. हात उबदार राहतो, हा मोज्याचा खरा फायदा.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी स्वतः हातानं काम करणारे असतील, कुणाच्या घरी असा माणूस असेल. त्यांना एवढंच सांगायचं आहे. रबरी डोक्याची हातोडी कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, तिचा वण सनमायक्यावर उठत नाही. ती पेटीत नको, हाताशी ठेवा. आणि बोट गार पडतंय, जखम भरत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेलात तर त्यांनी विचारलं नाही तरी सांगा: काम कोणतं करता, कोणतं यंत्र किती तास धरता, आणि नट हलला नाही की पान्यावर कशानं मारता.